महिपतचे वीस झटके

राजाचा मुकुट मी रत्नागिरीच्या रंगमंचावर तीस वर्षं मिरवला, पण माझी अब्रू असायची महिपतच्या हातात. आमच्या नाटक मंडळीचा पडदा तो ओढायचा. नवी दोरी आली की प्रयोगाआधी रिकाम्या थिएटरात पडदा वीस वेळा वरखाली करायचा. का? "नवी दोरी ताणते, आप्पा. ऐन मरणाच्या प्रवेशात पडदा अर्ध्यावर राहिला, तर मेलेल्या राजाला उठून आत जायला लागंल!"

मंडळी बंद पडली, मुकुट गेला, पण महिपतच्या हातची दोरी काही सुटली नाही. गेली बावीस वर्षं तो सायकली दुरुस्त करतो, आणि ब्रेकची तार बदलण्यात त्याचा हात धरणारा मला दाखवाच!

गेल्या डिसेंबरातला रविवार. शहरातून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यापर्यंत सायकल शर्यत सातला सुटणार, आणि साडेसहाला महिपतच्या दारात रुपाली उभी! मिरकरवाड्यात मासळी विकणारी ही बाई पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली, तेव्हा जेटीवरच्या बाया म्हणाल्या होत्या, "आरे-वारेच्या उतारावर सायकल हातात धरून चालत येशील गो!" रुपालीने सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, बसूनच उतरेन. आणि आता तिचा पुढचा ब्रेक दाबला की दाबलेलाच राहत होता.

"दादा, काल सांजेला लोण्यासारखा चालत होता!"

महिपतने तारेचा वास घेतला. "काय घातलंस गो ह्यात?"

"खोबरेल. घरचं. कुरकुरत होता म्हणून."

"बाय माझी, ब्रेक हाय का वेणी? ह्या थंडीत बाटलीतलं तेल थिजतं, नळीतलं थिजणार नाय?"

मी हसत सुटलो. रुपाली रडकुंडीला आली. "मग गरम पाणी ओता नि सोडा मला!"

महिपतने तार नळीतून ओढून काढली. पांढऱ्या तेलाने माखलेली. आणि ब्रेकच्या मुठीपाशी, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, खाऱ्या हवेने खाल्लेली! बहुतेक पेड तुटलेले. उरलेल्या दोन-तीन पेडांच्या भरवशावर ती तो उतार उतरणार होती. माझं हसू जागच्या जागी विरलं.

आता बघावा महिपतचा प्रवेश! नवी नळी. मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब. तारेच्या टोकाची घुंडी मुठीच्या खाचेत बसवली, तार सरकन खाली, नट आवळला. सातला आठ मिनिटं. रुपालीने सायकल ओढली.

"थांब! वीस वेळा दाब. कचकून."

"दादा, शर्यत सुटतेय!"

"सुटू दे. नवी तार ताणते."

ती दाबू लागली, मी मोठ्याने मोजू लागलो. समोरचा चहावालाही मोजू लागला! बारा... तेरा... पलीकडे शिट्टी वाजली. सायकलींचा लोंढा निघाला. रुपालीचे डोळे तिकडे, हात मुठीवर. वीस! आणि खरंच, तार ताणली होती; दाबलेली मूठ आता थेट हँडलला टेकत होती. महिपतने पकडीने तार खेचली, नट पुन्हा आवळला, टोकाला टोपी चढवली.

"आता जा, पोरी!"

ती सगळ्यात शेवटी सुटली. आम्ही दोघे म्हातारे रिक्षात! वाटेत ओरडून ओरडून तिला धीर देत पुढे गेलो आणि उताराच्या तळाशी, वळणावर जाऊन उभे राहिलो.

वर तिचा पिवळा टी-शर्ट दिसला. काय तो वेग! वळणाआधी तिची बोटं मुठीवर मिटली, आणि सायकल किती अलगद मंदावली, डौलात वळली!

"आप्पा, बसूनच उतरले! जेटीवर सांगा!"

"वन्स मोअर!" मी असा ओरडलो की माडावरचे कावळे उडाले. महिपतची उजवी मूठ मात्र हवेत होती आणि हळूहळू खाली येत होती, पडदा पाडताना यायची तशी.