साफ नळ्यांचं दुखणं

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं तेव्हा आमच्या खात्यातल्या माणसांचीही वाटणी झाली. माझं नाव रायपूरच्या यादीत गेलं. आणि नेमकं त्याच सुमारास ग्वाल्हेरच्या ऑफिसचा जिना चढताना माझ्या छातीत दुखायला लागलं. दुखण्याला काही वेळकाळ असतो की नाही!

छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं, डावा हात जड व्हायचा. थांबलं की हळूहळू कमी. ह्यांनी मला दिल्लीला नेऊन अँजिओग्राफी करवली. डॉक्टर म्हणाले, "बधाई हो, नलियाँ एकदम साफ हैं।"

नळ्या साफ निघाल्या म्हणून सासूबाईंनी सत्यनारायण घातला. गावातल्याच मुरार भागातले झाडून सगळे नातेवाईक आले. प्रसादाचा शिरा मीच ढवळला, कारण आता मला काही झालेलंच नव्हतं. ढवळता ढवळता दुखायला लागलं. मी ओट्याला धरून उभी राहिले.

"अगं, रायपूरचं टेन्शन आहे ते," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. "ऑर्डर कॅन्सल होऊ दे, बघ कसं पळतं."

सगळे समजूतदारपणे हसले. हेसुद्धा. मेल्यांनो, असं मनात म्हणत मी प्रसाद वाटला. चीड याची की पुढे पुढे मलाही ते पटायला लागलं. जिन्यात थांबले की मी स्वतःलाच दरडावायची, पुरे झाली सोंगं.

काही महिन्यांनी यादी बदलली. मी ग्वाल्हेरातच राहिले. घरात पेढे आले, आणि सगळे माझं दुखणं जाण्याची वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भराभर जिना चढले. वर पोचेपर्यंत दुखायला लागलं, तेही चांगलंच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी खोटारडी नव्हते.

सिटी सेंटर भागात हृदयाच्या एक डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. ह्यांना मी तिथे ओढतच नेलं. बाईंनी दिल्लीचा रिपोर्ट बाजूला ठेवून आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मग छातीला तारा लावून मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं. दुखायला लागलं तसा कागदावरचा आलेखही बदलत गेला.

"पण मॅडम, नळ्या तर साफ आहेत ना?" ह्यांनी विचारलं.

"मोठ्या साफ आहेत. फोटोत त्याच दिसतात. श्रम पडले की ह्यांच्या बारीक रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या उघडत नाहीत, म्हणून हृदयाला रक्त कमी पडतं. दुखणं खरं आहे."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. रोज बेताबेताने चालायला सांगितलं, दुखलं की जिभेखाली ठेवायला वेगळी गोळी दिली. ह्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. आम्ही ऑटोत बसलो. पाटणकर बाजारातल्या गर्दीतून ऑटोवाला दणादण गाडी काढायला लागला, तसे हे पुढे वाकून म्हणाले, "भैया, ज़रा धीरे चलाओ। इनको दिल की बीमारी है।"

भर बाजारात मला रडू कोसळलं.