टीव्हीवाल्या आत्याचा शेरा

आमच्या आत्याला सगळी वस्ती टीव्हीवाली म्हणते आणि तिला ते आवडतं. बावीस वर्षं तिने टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला, तेव्हा रडत न बसता जिन्याखालच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता वय अडुसष्ट. टीव्हीत दम नसेल तर "नवा घ्या" असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. मात्र तिने दुरुस्त केलेला एकही टीव्ही त्याच बिघाडासाठी परत आलेला नाही, आणि हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवतेच. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय काम केलं ते तारखेसकट मार्करने लिहायचं, ही तिची पद्धत.

त्यामुळे आमचा टीव्ही काळा पडला तेव्हा तिला कळवायचं कुणी, यावरून घरात चुळबुळ सुरू झाली. दहाच महिन्यांपूर्वी तिनेच तो दुरुस्त केला होता. मी तर नव्या टीव्हीसाठी भिंतीचं मापही घेऊन ठेवलं होतं. बाबा अडून बसले.

"ताईचा हात लागलेला टीव्ही मी टाकणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनीच तिला बोलावलं.

सकाळीच आत्या आली. चहाला नको म्हणाली, खिडकीचे पडदे ओढायला लावले आणि चालू टीव्हीवर तिरका टॉर्च मारला. आवाज येत होताच. टॉर्चच्या उजेडात बातम्या देणारी बाईही अंधूक दिसली.

"चित्र आहे. मागचा उजेड गेलाय."

म्हणजे काचेमागच्या दिव्यांच्या पट्ट्या जळाल्या होत्या. तिने बदललेल्या, त्याच.

आत्या मटकन खुर्चीत बसली. "माझंच काम परत आलं. नवा घ्या तुम्ही. आणि मी उद्या दुकानाची पाटी उतरवते. हाताचा भरवसा राहिला नाही म्हणजे लोकांच्या वस्तू उघडू नयेत."

मला हवं होतं तेच ती बोलली होती, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. माप घेतलेला कागद मी खिशातल्या खिशात चुरगळला.

टाकायच्या टीव्हीतलाही आपला शेरा ती खोडून टाकते. म्हणून तिने मागचे स्क्रू काढले आणि झाकण माझ्या हातात दिलं. "वाच रे, काय लिहिलंय? चष्मा दुकानात राहिला."

मी वाचलं, "पट्ट्या बदलल्या. उजेड चाळीस."

ती थबकली. "रिमोट आण."

पुन्हा टॉर्च. मेनू उघडत उघडत मी उजेडाच्या आकड्यापर्यंत पोचलो. शंभर होता. मी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे पाहिलं, आणि बाबा पंख्याकडे पाहू लागले.

"पट्ट्या तापून जळू नयेत म्हणून मी चाळीसवर ठेवून गेले होते," आत्या सावकाश म्हणाली. "कुणी वाढवला?"

"ताई, चाळीसवर जरा फिका दिसायचा गं," बाबा पुटपुटले. "घरी येईल त्याला मी सांगायचो, हा माझ्या बहिणीने दुरुस्त केलाय. मग फिका कसा दाखवू?"

"दहा महिने? शंभरवर?"

"आणि दिवसभर कधी बंदच केला नाही," बाबांनी कबूल केलं.

मला वाटलं, आता बाबांची खैर नाही. पण आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की टॉर्चची गरज उरली नाही. "दहा महिने शंभरवर चालल्या माझ्या पट्ट्या! कारखान्यातल्यासुद्धा चालल्या नसत्या, गाढवा!"

दुपारी ती नव्या पट्ट्या घेऊन आली. काच उचलायला दोन माणसं लागतात. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. माझी बाजू सारखी खाली कलत होती, तिची नाही. संध्याकाळी टीव्ही लागला. उजेड तिने चाळीसवर आणला आणि रिमोट आईच्या ताब्यात दिला.

झाकण लावण्याआधी तिने मार्कर मागितला. जुन्या शेऱ्याखाली तारीख घातली, एक ओळ लिहिली आणि झाकण बाबांसमोर धरलं. बाबांनी ती मोठ्याने वाचली.

"काम चोख होतं. भावाने कौतुकाने जाळलं."