पेल्यात न टाकलेला गेरू

ओव्हरसियर साहेब माती खायचे. निजामाच्या राज्यात आमच्या तामीरात कचेरीत, म्हणजे बांधकाम खात्यात, मी नकाशे काढायचो आणि ते पायाची जमीन पारखायचे. घरी भातात बारीक खडा लागला तर ताट सरकवणारा हा माणूस माळावर गेला की चिमूटभर माती दाढेखाली धरून डोळे मिटायचा. कचकचली तर रेताड, लोण्यासारखी लागली तर चिकण. मग चूळ भरून पायाची खोली सांगायचे. शिक्षण हैदराबादेत झालेलं, पण पुस्तकाला चव नसते, अशी त्यांची तक्रार होती.

काळ्या मातीशी त्यांचं हाडवैर. कुणी हौसेनं काळीवर भिंत उभी केली की तिचे तडे बघायला ते आजाऱ्याच्या समाचाराला जावं तसे जायचे. मला म्हणायचे, "नक्षेवाले, ही उन्हाळ्यात भेगाळती अन् पावसाळ्यात फुगती. घर बांधायचं तर मुरमापातुर जावा."

शेवटचा निकाल पेल्याचा. जमिनीतलं ढेकूळ, खडकाचा तुकडा, जे निघेल ते पाण्यानं भरलेल्या पेल्यात टाकायचं आणि विरघळतंय का ते बघत समोर उकिडवं बसायचं. "पानी में टिक्या तो अपना," असं म्हणत ते पान चघळत राहायचे. आम्ही कंटाळून जायचो, पण साहेब हलायचे नाहीत.

त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. भूम तालुक्यातल्या एका गावाला विहीर मंजूर झाली. खोदायला मारुती वडार. साहेबांचं आणि त्याचं पान एकाच डब्यातलं. त्याची बायको यल्लव्वा पाट्या उचलायची. काळ्या खडकाखाली तांबड्या गेरूचा थर लागला. साहेबांनी हातोडा मारला. दगडासारखा ठणठणीत वाजला. त्यांनी पिशवीतून पेला काढला आणि घागरीकडं पाहिलं. तळाला थोडं पाणी होतं. भोवती मजुरांची पोरं ओठ चाटत बसली होती.

पेला पुन्हा पिशवीत गेला. "लेकरांच्या तोंडचं पानी दगडाला पाजू काय? चांगला वाजतोय. मारुती, उतर खाली."

गेरूच्या बाजू बांधून न घेताच खोदाई पुढं गेली. पाणी लागलं तेव्हा गावानं नारळ फोडले, मारुतीला खांद्यावर घेतलं. पाणी चढत गेरूपर्यंत आलं. कोरडा असताना लोखंडासारखा वाटलेला तो थर ओला झाला आणि आतून भुसभुशीत होत गेला. दुसऱ्या दिवशी मारुती गाळ काढायला उतरला आणि गेरू ढासळला, वरच्या खडकासकट. साहेब स्वतः खाली उतरून हातांनी माती उपसत होते. मारुती हाताला लागला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

कचेरीनं अपघात म्हणून कागद मिटवले. साहेबांच्या मनातलं मिटेना. पुढं कुणी पायाचं विचारलं की म्हणायचे, "दुसऱ्याला इचारा. माझी जबान आता खरी न्हाय." मला त्यांचा राग यायचा. लोक घरं बांधायला खोळंबलेले आणि हे खिडकीशी बसून. मी एकदा चिडून बोललोही, की पाणी तुम्ही पोरांसाठीच राखलं होतं ना? त्यांना माझ्याकडून दिलासा नको होता. यल्लव्वानं माफ केलं म्हणावं, एवढंच हवं होतं, आणि तिच्या दारात जायची त्यांची छाती होत नव्हती.

मग राज्य बदललं. साहेबांच्या घरच्यांनी हैदराबादेला जायचं ठरवलं. निघायच्या आधी ते मला सोबत घेऊन यल्लव्वाच्या झोपडीपाशी गेले. ती चुलीपुढं होती. साहेब उंबऱ्याबाहेर जमिनीवरच बसले.

"बहन, माझं चुकलं. मला माफ कर."

यल्लव्वानं भाकरी उलथली.

"माफ करायला म्या कोन, साहेब? ज्याला इचारायचं तो गेला की."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. साहेबांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रस्त्याला लागले. मी त्यांच्यामागं निघालो तोच यल्लव्वानं हाक मारली. पदरानं डोळे पुसत ती दाराशी आली होती. लांब चाललेल्या त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघत तिनं मला हळूच विचारलं,

"साहेबानं सकाळपासनं काय खाल्लंय का न्हाय?"