जप्तीतला कूलर

आमच्या पतसंस्थेचे वसुली साहेब 'कायद्यानं' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. चहासुद्धा 'कायद्यानं अर्धाच' पितात. दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्यांनी धारूर रोडवरच्या हॉटेलवाल्याचा कूलर थकलेल्या कर्जापोटी जप्त केला. तो हात जोडत होता. साहेब पंचनामा लिहीत होते. लिलावापर्यंत माल कुण्या प्रतिष्ठिताच्या ताब्यात द्यायचा असतो, म्हणून कूलर चेअरमनच्या बैठकीत गेला. संस्थेचा सगळ्यात मोठा थकबाकीदार हा चेअरमनच.

परवा तिथं गेलो, तर साहेब सदऱ्याची बटणं सोडून कूलरसमोर आडवे. गाव टँकरची वाट बघतंय आणि कूलरची टाकी काठोकाठ.

मी विचारलं, "साहेब, चेअरमनची वसुली कवा?"

डोळे न उघडता म्हणाले, "कायद्यानं त्याच वसुलीला आलतो बे. बस की जरा, हवा लई गार हाय."