खिडकीकडची खुर्ची

धुळ्याच्या वाचनालयातले एक कारकून दारातच विचारायचे, "वय?" मग कोण पेपरचं कुठलं पान आधी उघडतो, ते वहीत टिपून ठेवायचे. त्या वहीवरूनच टेबलं लागायची. म्हाताऱ्यांना निधनवार्ता, खिडकीच्या उजेडात. तरुणांना सरकारी नोकरीच्या जाहिराती, दाराशी, उभ्यानं.

पाच वर्षं मी त्या दाराशी उभा होतो.

एका सकाळी वय सांगितलं, "एकतीस." त्यांनी ते टिपलं, माझ्या हातातलं जाहिरातींचं पान हळूच काढून माझ्यामागच्याला दिलं आणि खिडकीकडची खुर्ची ओढली. "बसा भाऊ. तीसना पुढे हाई पान कोनी मांगत नही. बठ्ठं वहीमा शे." सगळं वहीत होतं म्हणे.

मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते खुर्ची पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दाराशी न थांबता मी सरळ खिडकीकडे गेलो.