अक्कांचा निरोप

“चूक ऱ्हाऊ द्या, आदी मानूस कोन हाय ते सांगा.” कागदात काही चुकलं की चष्मा कपाळावर सरकवून अक्का एवढंच विचारायच्या.

सोलापुरात आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल. अक्का तिथे वीस वर्षं काउंटरवर होत्या. मी कॉम्प्युटर शिकून आलेला. गावोगावच्या शिबिरात फॉर्म भरला की ऑपरेशनची तारीख आपोआप ठरावी आणि पेशंटला मेसेज जावा, अशी सोय मी केली होती. अक्का अडतील, मला विचारायला येतील, याची मी वाटच पाहत होतो. तुम्हीही कधी कुणी अडण्याची अशी वाट पाहिली असेल.

अडलो मी. स्क्रीनवरच्या यादीत रोज पाच-सहा नावं लाल व्हायची : मोबाइल नंबर नाही. दोन दिवस सगळी सेटिंग उसवून पाहिली. अक्कांनी यादीवरून नजर फिरवली. “ही समदी अक्कलकोटाकडची मानसं. कानडी फारम दावा की जरा.” त्यांनी तो वाचला, आणि हसल्या. “ह्यात नंबर इचारलाच न्हाई, दादा.”

मला कानडी येत नाही. भाषांतर करून घेताना तो प्रश्नच गळला होता.

“अक्का, आता कॉम्प्युटरही तुम्हीच सांभाळा!” आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. सगळ्यांबरोबर मीही हसलो. त्या दुपारी मी डबा उघडलाच नाही.

मी फॉर्म दुरुस्त केला. तरी काही नावं लाल राहिलीच, कारण काहींकडे फोनच नव्हता. अक्कांना विचारणं जिवावर आलं. रिकाम्या जागी हॉस्पिटलचाच नंबर आपोआप पडेल, असं मी करून टाकलं. लाल रंग गेला. मॅडम म्हणाल्या, “छान!” मी मुद्दाम अक्कांकडे पाहिलं. त्या केसपेपर लावत होत्या.

पुढच्या आठवड्यात मेंढरं राखणारे एक आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. “गावच्या मेडिकलवाल्यानं निरोप दिला, म्हून आलो,” म्हणाले. मी यादी पाहिली. त्यांच्या नावापुढे हॉस्पिटलचा नंबर होता.

अक्का हळूच म्हणाल्या, “मेसेज हितंच येत व्हते की, काउंटरच्या फोनवर. लाल गेलं दादा, पन मानूस बी गेला असता.” आठवडाभर त्या गावोगावचे दुकानदार, टमटमवाले शोधून निरोप धाडत होत्या. मॅडमना त्यांनी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला त्यांचा राग तरी करता आला असता. त्यांचं हे गप्प राहणंही मला माझ्यापेक्षा वरचढ वाटलं, आणि मी आणखी जळलो.

मग अक्का नोकरी सोडून अकलूजला लेकीकडे गेल्या. आता काउंटरवर मीच बसतो. लोक खिडकीशी वाकतात, मला पाहतात आणि विचारतात, “अक्का न्हाईत व्हय?”

परवा ते आजोबा दुसऱ्या डोळ्यासाठी आले. पिशवीतून तुपाची बरणी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. “तवा निरोप धाडनारं तुमीच न्हवं?”

हो म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. बरणीवर माझा हातही गेला होता.

“नाही,” मी म्हणालो. “अक्कांनी.”

“मग त्यास्नीच देतो की.” त्यांनी बरणी उचलून पुन्हा पिशवीत ठेवली.

मी अकलूजचा पत्ता लिहून दिला. आजोबांनी तो कागद हातभर लांब धरला आणि एकेक अक्षर जुळवत, मोठ्यानं वाचला.