वासवाली मावशी

एक कप दूध नाकाखाली धरलं आणि पेशंट बरी झाल्याचं अख्ख्या वॉर्डात जाहीर केलं, इतकी मी हुशार नर्स होते. टोपीला खळ होती, अकलेला नव्हती. नातीला सांगितलं की ती हसते. मीही हसते, पण थोडंच.

ती पेशंट म्हणजे वासवाली मावशी. दिंद्रुडकडच्या एका खेड्यात दूध सोसायटीत ती कॅन उघडायची, हुंगायची आणि नासकं दूध बाजूला काढायची. "दूध खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो," म्हणायची. दुष्काळात चारा छावणीवर म्हशीचं शिंग लागलं आणि नाक मोडलं. पहिलं ऑपरेशन दुसरीकडे झालं. आतला आधारच जास्त कापला गेला. नाक बसलं, श्वास कोंडला, वास गेला. सवय मात्र जाईना. भाकरी असो की गोळी, आधी नाकाशी न्यायची, क्षणभर थांबायची आणि मुकाट तोंडात टाकायची.

आमच्या डॉक्टरांनी तिच्या बरगडीची कूर्चा काढली, तासली आणि ती पट्टी मिठाच्या पाण्यात ठेवून नुसते बघत बसले. "वाकायची ती आत्ताच वाकू दे," म्हणाले, "नाकात जाऊन वाकली तर पुन्हा उघडावं लागेल." मग नाकाच्या दांडीला आधार दिला, नाकपुड्या मिटू नयेत म्हणून बारीक पट्ट्या बसवल्या. मावशीला त्यांनी आधीच बजावलं होतं, "श्वास देतो. वासाचं वचन देत नाही."

"नुसता श्वास घिऊन काय करू, डाक्टरसायेब? सोसायटी वासाची मजुरी देती."

नाकावरचं प्लास्टर निघालं. नाक सरळ, श्वास मोकळा. डॉक्टर जाताच मी चहाचं दूध पुढे केलं. मावशीनं डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे पाहिलं.

"ताजं हाय की!"

मी नाचायचीच बाकी होते. नासकं दूधही हुंगवून बघावं, हे काही सुचलं नाही.

ती कामावर गेली. थोड्याच दिवसांत एक नासकी कॅन तिच्या नाकाखालून निघून मोठ्या टाकीत ओतली गेली आणि साऱ्या गावाचं दूध फाटलं. जिथं प्यायला पाणी नव्हतं, तिथं लोकांनी दूध मातीत ओतलं. सोसायटीनं मावशीला घरी बसवलं.

नाक दाखवायला ती परत आली. डॉक्टर खूष झाले. व्हरांड्यात मी तिला गाठलं. "मावशी, त्या दिवशी वास आला होता ना तुम्हाला?"

तिनं माझी वाकडी टोपी सरळ केली.

"न्हाई गं पोरी. तू येवढ्या आशेनं बघाया लागलीस, मला न्हाई म्हनवंना."